छापखानाताईंचं टेबल

पुस्तकं विकायला बसलेली बाई गिऱ्हाइकालाच हाकलून लावते, हे मी फक्त छापखानाताईंच्या टेबलावर पाहिलं. सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला कम्युनिटी क्लबच्या हॉलबाहेर कोणी पैठण्या मांडायचं, कोणी चकल्या, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ताईंची पुस्तकं. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "नव्या काँडोतल्या फ्लॅटमध्ये शोकेस केलंय. ही जुन्या वळणाची पुस्तकं त्यात छान दिसतील. सेटच द्या." ताईंनी त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "शोकेससाठी समोरच्या टेबलावर पितळी हत्ती आहेत. ही वाचायची पुस्तकं आहेत." ताईंनी पुस्तक पदराने पुसून जागेवर ठेवलं आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

ताई मूळच्या नाशिकरोडच्या, घर बौद्ध, वडील बाइंडिंगच्या कामात. वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत डेटा इंजिनिअर होत्या आणि क्लेमेंटीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत. ज्यांच्यावर आता कोणाचा छपाईचा हक्क उरलेला नाही अशी जुनी अमेरिकन पुस्तकं त्या हुडकून काढत: दंतकथांचे संग्रह, पहिल्या वसाहतींचे इतिहास, गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांची भाषणं आणि पत्रकं. संगणकावर एकेक पान डाग काढून स्वच्छ करायचं, एका लहान प्रेसमधून थोड्याशा प्रती छापून घ्यायच्या; म्हणून त्या आमच्या छापखानाताई. नोकरीतून उरलेलं सगळं आयुष्य त्यात जाई.

"तुमचा अमेरिकेशी काय संबंध?" हा प्रश्न त्यांना दर कार्यक्रमात यायचाच. त्या म्हणत, "माणसाला विकू नका, एवढं सांगण्यासाठी ज्यांनी दगड खाल्ले, ते माझे नातेवाईक. पासपोर्ट कुठला का असेना."

माझी मुलगी सानिका तेव्हा सहावीत होती. तिने एक पुस्तक उघडलं आणि इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "Aunty, so old lah! Who reads this?" ताई मुळीच रागावल्या नाहीत. त्यांनी तिला शेजारी बसवून त्यातली एक भुताची गोष्ट वाचून दाखवली. पळून जाताना नदीत बुडालेल्या गुलाम बाईचं भूत मालकाच्या घराभोवती फिरतं, अशी ती दंतकथा. सानिका डोळे विस्फारून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर ताईंनी विचारलं, "भुताचं नाव काय?" सानिकाने पानं उलटसुलट केली. "Not given." "आणि घरमालकाचं?" ते मात्र होतं, आजोबांच्या नावासकट. "बघ," ताई म्हणाल्या, "मेल्यावरसुद्धा तिला नाव मिळालं नाही. म्हणून दंतकथा वाचली की शेजारी इतिहास ठेवायचा." त्या दिवशी सानिकाने हट्टाने दोन पुस्तकं घरी आणली.

पण मंडळात त्यांचं नाव खऱ्या अर्थाने गाजलं ते एका प्रस्तावनेमुळे. गुलामगिरीविरुद्धच्या भाषणांचा एक संग्रह त्यांनी छापला आणि त्याला स्वतःची दोन पानं जोडली. त्यांच्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत. कोणी दया येऊन वरून ओतलं तर ओंजळ धरायची, नाहीतर रिकामी घागर घेऊन परतायचं. ताईंनी गावाचं नाव लिहिलं होतं, विहीर ज्यांची होती त्यांचं आडनावही लिहिलं होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला आमचे अध्यक्ष टेबलापाशी आले. मी तिथेच उभी होते. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. "ताई, सणाचा दिवस आहे. पुस्तक ठेवा, पण तेवढी दोन पानं काढा ना. इथे सिंगापुरात कोण जात विचारतं? कशाला उकरून काढायचं?"

"काढली नाहीत तर?"

"तर मग टेबल देता येणार नाही. कमिटीचं तसं ठरलंय."

ताई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आवराआवर करतील. त्यांनी पुस्तक उघडलं आणि ती दोन पानं खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. हॉलमध्ये साउंड टेस्ट चालली होती, ती थांबली. चकल्यांच्या टेबलावरचे लोक पिशव्या हातात घेऊन वळले. अध्यक्ष मध्ये एकदा "ताई, प्लीज" म्हणाले. ताईंनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ही भाषणं करणाऱ्यांनाही असंच सांगायचे. बोला, पण आमच्या गावात नको. आज नको. हे घ्या तुमचं टेबल." मी खोक्याची दुसरी बाजू उचलली आणि आम्ही दोघी एमआरटी मेट्रोने क्लेमेंटीला आलो. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "भ्याले होते गं मी. दिसलं का कोणाला?"

त्यानंतर दर शनिवारी दुपारी त्यांच्या घरी वाचन सुरू झालं. दार सताड उघडं. विद्यापीठातली संशोधक मुलंमुली येत, मी आणि सानिका येत असू. एका शनिवारी दारात अध्यक्षांच्या पत्नी उभ्या राहिल्या, माधुरीताई. "मी कोणाची बायको म्हणून नाही आले," त्या म्हणाल्या. "ऐकायला आलेय." ताईंनी उशी पुढे सरकवली.

पुढे ताईंच्या कंपनीने त्यांचा विभागच बंद केला. नोकरी गेली, तसा इथे राहण्याचा पासही गेला. पन्नाशीपुढच्या बाईला दुसरीकडे कोणी घेईना. शेवटच्या शनिवारी खोलीत बांधलेल्या बॅगा होत्या आणि आम्ही त्यांच्यावरच बसलो होतो. ताईंनी कोणाला डोळे पुसू दिले नाहीत. "वाचायला आलात ना? वाचा."

तेव्हा माधुरीताईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला. "मी लिहिलंय," म्हणाल्या. कागदावर होती ती त्यांच्या माहेरच्या वाडीतली दुसरीच एक विहीर. लहानपणी एका बाईने त्यांच्याकडे पाणी मागितलं होतं, आणि आजोबांच्या धाकाने त्या घरात पळून गेल्या होत्या. ती बाई उन्हात किती वेळ उभी होती, ते त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. आजोबांचं पूर्ण नाव त्यांनी कागदावर लिहिलं होतं. सगळं शेवटपर्यंत वाचलं.

ताईंनी शाबासकी दिली नाही, माफही केलं नाही. विचारलं, "छापायचं?"

"छापा."

"घरी चालेल?"

"घरी विचारलेलं नाही," माधुरीताई म्हणाल्या.

त्यावर ताई जे हसल्या, ते समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी आजी डोकावून बघेपर्यंत.

ताई नाशिकरोडला परत गेल्या आणि तिथून छापत असतात; माधुरीताईंचा कागदही त्यांनी छापला. वाचन आता आमच्याकडे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला पासिर रिसला होतं. क्लेमेंटीला यायची ती विद्यापीठातली मुलं अख्खं बेट ओलांडून येतात. यंदाच्या दिवाळीसाठी माधुरीताईंनी आणि मी मंडळाकडे टेबल मागितलंय, दोन्ही विहिरींची पुस्तकं मांडायला. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही जाणार आहोत.