पंचवीस, पण कशाचे?

दाजींच्या गाडीचे आटे मी घालवले, आणि ते त्यांच्याच हातून गेले असं त्यांना समजू दिलं. आधी हे सांगतो. नाहीतर पुढचं सगळं वाचून कुणाला वाटायचं, की मी जुन्या गाड्यांचा मोठा अभ्यासू माणूस आहे.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, आणि दुकानापुढं उभी त्यांची काळी दोन-स्ट्रोक मोटारसायकल. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. दाजी गाडीला मेकॅनिकचा हात लागू देत नसत. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या धातूपर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायचे. मोंढ्यात तोललेल्या पोत्यावर हमाल खूण करतो, तशी. खूण नसलेलं पोतं परत काट्यावर जातं. नट हलला की रेघ तुटलेली दिसते, आणि तो परत पान्याखाली येतो.

गुडघ्यामुळं किक मारणं जमेना, तेव्हा त्यांनी ती टेम्पोत घालून माझ्याकडं नांदेडला पाठवली. "तू शिकवतोस ते यंत्राचंच हाय की मास्तर. बघ चालू व्हती का."

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. गाडी तशी चालूच होती, फक्त हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेनं काजळीमिश्रित तेल झिरपत होतं. हेडचे चार नट एकदा आवळून घ्यावेत एवढंच काम. पण किती आवळायचे? नट किती जोरानं आवळायचा याचा आकडा ठरलेला असतो, त्याला टॉर्क म्हणतात. कमी पडला तर गळती, जास्त झाला तर मऊ ॲल्युमिनियममधले आटे, म्हणजे स्क्रूसारखे पेच, उपटून येतात. टॉर्क रेंच नावाचा पाना त्या आकड्यावर लावून ठेवला की तेवढा जोर झाल्यावर 'टिक' वाजतो. असा पाना मी हौसेनं विकत घेतला होता.

आकडा इंटरनेटवर मिळाला. अशा गाड्यांच्या शौकिनांच्या एका पानावर कुणीतरी तक्त्याचा फोटो टाकला होता. हेडचे नट, पंचवीस. तक्त्याचा वरचा भाग फोटोत कापला गेला होता. माझ्या पान्यावर दोन मापं कोरलेली, एका बाजूला न्यूटन-मीटर, दुसऱ्या बाजूला पाउंड-फूट. जुनी गाडी, तेव्हा जुनं माप, असं मीच ठरवलं. पाउंड-फुटाच्या बाजूनं पंचवीस लावले. आट्यांना त्रास नको म्हणून वर थोडं तेलही सोडलं.

पहिलाच नट. दाजींची पांढरी रेघ सरकली, तुटली, नट तिच्या खूप पुढं गेला. टिक वाजेना. मग एकदम पाना हलका झाला, लोण्यात फिरावा तसा. हातातलं बळ कुठं गेलं ते कळेना. आटे गेले होते.

नट सुटा फिरत होता. मी चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली आणि त्या नटावरची, हेडवरची पांढरी रेघ पुसून टाकली. मग फोन लावला.

"दाजी, डावीकडच्या पुढच्या नटाचे आटे गेलेत."

"आं? कसं काय?"

"आधीच गेलेले असणार. मी नुसता पाना लावला."

पलीकडं मोंढ्यातला लिलावाचा गलका ऐकू येत होता. दाजी म्हणाले, "मंग मीच जास्ती आवळलो आसंन. आता हातात काय ऱ्हायलं न्हाई बघ मास्तर."

मी म्हणालो, "होतं असं, दाजी."

उत्तराला एकक लिहिलं नाही म्हणून मी पोरांचा अर्धा गुण कापतो, आणि इथं एकक मी स्वतःच अंदाजानं धरलं होतं. ही लाज मोठी होती, पण खोटं मी लाजेपोटी बोललो असं म्हणणं म्हणजे स्वतःला सूट देणं. खरं तर ते फार सोपं होतं. दाजींना शंकासुद्धा आली नाही.

आता गाडी पोर्चमध्ये उभी, एक नट मेलेला आणि तीन जागेवर. आटे नवे बसवून मिळाले असते, पण पंचवीस हा आकडा नक्की कशाचा, हे कळल्याशिवाय मी उरलेल्या तिघांना हात लावणार नव्हतो. शोधायला लागलो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला त्यात मजा यायला लागली. एका परदेशी शौकिनानं अठरा लिहिले होते. एका ठिकाणी अडीच. एकानं लिहिलं होतं, मनगटाला कळतं. अठरा, पंचवीस आणि अडीच. तिघंही छातीठोक, आणि तिघांपैकी एकालाही एकक नाही.

लातूरला बंद पडलेल्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे एक चाचा आहेत असं कळलं. त्यांच्याकडं कारखान्याचं मूळ छापील पुस्तक होतं. सुट्टीच्या दिवशी एसटीनं गेलो. दुकान एका बोळात होतं, दारात गाड्यांच्या टाक्या टांगलेल्या.

"पुस्तक विकायचं नाही बरं का सर," चाचांनी आधीच सांगितलं. "बघा, फोटो काढा, चहा घ्या. लोक हातात घेतात अन् मग भाव विचारतात. माझी म्हातारी म्हणते, मला विकशील पण ते पुस्तक विकणार नाहीस."

पान उघडलं. तोच तक्ता होता, पण अख्खा. वरच्या बाजूला दोन रकान्यांची नावं होती. किलोग्रॅम-मीटर, अडीच. पाउंड-फूट, अठरा. मी खिशातल्या पेनानं तळहातावरच गुणाकार केला. अडीच किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण साडेचोवीस न्यूटन-मीटर. कुणीतरी ते पंचवीस करून नवा तक्ता टाइप केला होता, आणि तेच मला सापडलं होतं. तिन्ही माणसं खरंच बोलत होती. तिघंही एकच गोष्ट सांगत होती. मी तेवढा पंचवीस पाउंड-फूट लावून बसलो होतो, म्हणजे जवळजवळ चौतीस न्यूटन-मीटर.

"आणि आटे कोरडे ठेवायचे की तेल लावून?" मी विचारलं. "पुस्तकात काही नाही."

"ग्रीस लावायचं. दाबून लावायचं. पुढं खोलताना दुवा द्याल मला."

"पण घर्षण कमी झालं तर तेवढ्याच टॉर्कला नट जास्त ताणला जाईल ना?"

"सर, वर्गात नाहीत तुम्ही."

चाचांनी बाकावरच्या शेगड्यात एक जुना स्टड, म्हणजे आटे पाडलेला दांडा, आवळून पकडला, त्यावर लोखंडी नळीचा तुकडा घातला आणि नट. त्यांच्याकडं काट्याचा टॉर्क रेंच होता. त्याची दांडी वाकते, काटा मात्र सरळ राहतो आणि पट्टीवर पाउंड-फुटात आकडा दाखवतो. कोरडा नट अठरापर्यंत आवळून खडूनं खूण केली. मग सोडवला, तेल लावलं, परत अठरा. नट खुणेच्या चांगलाच पुढं जाऊन थांबला.

चाचा वाकून बघत राहिले. "आयला," ते म्हणाले. "इतकी वर्षं ग्रीस लावून ऱ्हायलो मी." मग लगेच, "पण खोलायला सोपं जातं, ते खरंच हाय."

खडूच्या खुणेकडं बघताना मला दाजींची रेघ आठवली. तीन नटांवर ती अजून शाबूत होती. नट किंचित सैल करून, परत बरोब्बर रेघ जुळेपर्यंत आवळला आणि तेव्हा काटा कुठं आहे ते वाचलं, तर दाजींनी तो किती जोरानं आवळला होता ते जवळपास कळलं असतं. चाचांकडून तो पाना उसना घेतला. "आठ दिवसांत परत आला नाही तर पुस्तकाचे फोटो पुसायला नांदेडला येईन," ते म्हणाले.

घरी आल्यावर गाडीजवळ बसलो, तेव्हा अक्काचा फोन आला.

"तू दाजींना काय सांगितलास रे? पान्याची पेटी भंगारवाल्याला द्यायला निघालेत. बाजारच्या दिवशी येतोय तो."

"का पण?"

"म्हणतेत, हाताला अंदाज ऱ्हायला न्हाई. दुकानातला काटासुद्धा स्वतः बघत न्हाईत आता, दिवाणजीला बघ म्हणतेत. काल गॅसची नळी बसवायला शेजारच्याला बोलावले. मी म्हणलं, आवं, तुम्हीच बसवा की. तर म्हणले, नको, तोडून ठेवीन."

मी म्हणालो, येतो. का येतो ते मात्र सांगितलं नाही.

मग उरलेल्या तिघांतला पहिला नट थोडा सैल केला. परत आवळला, रेघ जुळेपर्यंत. काटा अठराच्या किंचित अलीकडं. दुसरा अठरावरच. तिसरा चौदाच्या आसपास, आणि काजळी नेमकी त्याच बाजूनं झिरपत होती. म्हणजे दाजींचा हात अगदी अचूक नव्हता, एक नट त्यांनी ढिला ठेवला होता. पण जास्त एकही आवळला नव्हता. चौथाही, मी घालवलेला, नसणार. चौथ्याची रेघ असती तर ती तुटलेली दिसली असती, आणि नट तिच्या किती पुढं गेला तेही. तेवढ्यासाठीच मी ती पुसली होती.

बाजाराच्या आदल्या दिवशी निघालो. अहमदपूरला एसटी बदलली. स्टँडवर बसून काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. सुरुवात इंटरनेटच्या तक्त्यापासून करावी, मग एककं, मग तेल. सगळं खरं होतं, आणि त्या क्रमानं सांगितलं तर चूक तक्त्याची वाटली असती.

दाजी दुकानात गादीवर होते. पान्यांची पेटी खरंच दाराशी ठेवलेली, सुतळीनं बांधून.

"या मास्तर. गाडी सोडून नुसतेच आलाव?"

"पेटी देऊ नका, दाजी." मी मोबाइलमधले फोटो उघडून दाखवले. तीन नट, जुळलेल्या रेघा, शेजारी काटा. त्यांनी चष्मा चढवला. आकडे समजावले तसे ते मान हलवत गेले.

"ह्यो ढिला ऱ्हायलाय."

"हो. गळती तिथूनच होती. बाकीचे दोन पुस्तकाप्रमाणं आहेत."

"हात बरा हाय म्हण की अजून." ते हसले, आणि फोटो परत मागं सरकवत राहिले. मग चौथा नट कडेला आलेल्या एका फोटोवर बोट थांबलं. "आन् चौथा? त्याला रेघ दिसना."

पुढं लिलावाचा पुकारा चालू होता. हमाल पोत्यांवर खुणा करत होते.

"मी न चुकता वडतो रेघ," दाजी म्हणाले.

"ओढली होती तुम्ही. मी पुसली. नट तुमच्या रेघेच्या पुढं मी नेला. आटे माझ्या हातानं गेले, आणि तुमच्या हातानं गेले असं मी तुम्हाला सांगितलं. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो, दाजी. मला माफ करा."