नळावरचा हात

गावोगावच्या नळयोजना तपासणं हे माझं काम. नाशिकहून निघायचं, पाड्यावर जाऊन नळ सोडायचा, फोटो काढायचा आणि फोनवर ‘चालू’ किंवा ‘बंद’ दाबायचं. बंद असलेला पाडा दुरुस्तीच्या यादीत जातो. चालू असेल तिकडे पुढे कुणी ढुंकूनही बघत नाही.

पेठकडच्या त्या पाड्यावर मी आदल्या दिवशी फोन करून गेले होते. पाणी समितीवरच्या मावशींनी शाळेजवळचा नळ सोडला. धो धो पाणी. पलीकडच्या नळाच्या तोंडात मात्र कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, पार वाळून दगड झालेलं. ते मला दिसलं. पण अजून चार पाडे बाकी होते.

“रोज येतं ना पाणी?”

“रोज येतं, मॅडम.”

मी ‘चालू’ दाबलं आणि त्यांनी दिलेला कोरा चहा प्यायले.

घाट उतरताना जीपवाला हसत म्हणाला, “मॅडम, ते पाणी बायांनी वतलंय टाकीत. सकाळपासून झऱ्यावरनं हंडे वाहिले.” तो त्याच भागातला. मागच्या खेपेला कोणी साहेब दम देऊन गेले होते म्हणे, नळ कोरडा दिसला तर योजनाच परत जाईल. म्हणून ही सगळी उठाठेव. मी जीप वळवायला लावली नाही. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही, आणि खरं सांगते, मला राग येतो तो ह्याचाच.

उन्हाळ्यात फेरतपासणी निघाली. या वेळी मी न कळवता गेले. नळ कोरडा ठाक. मावशी झऱ्यावरून हंडा घेऊन येत होत्या. मला बघून जागीच थबकल्या.

“अहो मॅडम, कळवून यायचं ना! अर्धा दिस दिला असता तर पाणी चालवून दाखवलं असतं.”

“मावशी, बंद दाखवलं तरच दुरुस्ती होईल.”

“नको, नको. आमच्या पाड्याचं नाव खराब व्हईल.” मी फोन वर केला तसा त्यांनी हंडा खाली ठेवला आणि नळावर हात धरला. मी तसाच फोटो काढला, ‘बंद’ दाबलं. निघताना त्यांनी त्याच हंड्यातलं पाणी मला तांब्याभर दिलं. मी ते सगळं प्यायले.

आठवड्यानं गंगापूर रोडवर भाजी घेत होते, तेव्हा फोनवर निरोप आला. फोटो नामंजूर. नळ दिसत नाही. दोन दिवसांत नवीन फोटो न आल्यास आधीची नोंद कायम राहील.

दोन दिवस होते. जीपही होती. मी गेले नाही.

पाडा अजून ‘चालू’ आहे.