हरसूलचा डोंगर आणि आमच्या बाल्कन्या

आम्हा नाशिकच्या हॅम मंडळींना खेड्यापाड्यांची फार काळजी. हॅम म्हणजे रीतसर परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलणारे लोक. काय बोलतात, तर एकमेकांचा आवाज कसा येतोय, एवढंच. उत्तम येत असेल तर ‘फाइव्ह नाइन’ म्हणायचं. रोज सकाळी चहाबरोबर आम्ही एकमेकांना फाइव्ह नाइन वाटतो, संक्रांतीचा तिळगूळ वाटावा तसे.

अशात हरसूलपलीकडच्या एका पाड्यावरचे शाळामास्तर परीक्षा देऊन आमच्यात आले. त्यांच्या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. गेल्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला डोलीतून नेताना वाटेतच मूल गेलं; ॲम्ब्युलन्सला निरोपच पोचला नव्हता. यंदा गुरुजींच्याच बायकोचे दिवस भरत आले होते. म्हणून तिथल्या डोंगरावर रिपीटर बसवायचं आणि हरसूलच्या दवाखान्यात एक सेट ठेवायचं ठरलं. खालून आलेला क्षीण आवाज पकडायचा आणि जोरात पुढे फेकायचा, हे त्या यंत्राचं काम. योजनेला आम्ही आधी ‘ग्रामीण सेवा’ असं नाव दिलं, मग बाकीच्या तयारीला लागलो.

जागा निवडताना आमच्या क्लबचे अध्यक्ष अँटेना खांद्यावर घेऊन माथ्यावर फिरत होते आणि शहरातले सदस्य आपापल्या बाल्कनीतून सांगत होते, “जरा डावीकडे घ्या. हां, आता झकास.” गंगापूर रोडला झकास, इंदिरानगरला झकास. खांब तिथेच रोवला, डोंगराच्या पूर्वेच्या टोकाला. पाडा होता पश्चिमेला, कड्याच्या पायथ्याशी.

मी म्हटलं, “एकदा खाली उतरून बघू या का?”

“अहो, नाशिकला एवढं स्वच्छ येतंय,” अध्यक्ष म्हणाले. “पाडा तर पायाशीच आहे.”

दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. मला राग आला होता, पण गाडीपाशी मिसळ थांबली होती.

उद्घाटनाला नारळ फुटला, यंत्राला हळदकुंकू लागलं. मग अध्यक्षांनी हातातल्या सेटवरून गुरुजींना हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा नुसती खरखर. तेवढ्यात शहरातून धडाधड फाइव्ह नाइन यायला लागले, टाळ्या झाल्या आणि भाषणं सुरू झाली. सेवेचं महत्त्व तिसऱ्या वक्त्यापर्यंत पोचलं असेल, तेव्हा गुरुजी कडा चढून वर आले. घामाने निथळत होते, हातात सेट होता.

“सर, खाली काहीच येत नाय.”

अध्यक्षांनी सवयीने मान डोलावली. “आता मात्र तुम्ही फाइव्ह नाइन आहात.”

लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. “माझी बायको इथवर चढून यायची नाय, सर,” ते म्हणाले.

मी पाना काढला. कोणी हो म्हणालं नाही, नको म्हणायचाही धीर कोणाला झाला नाही. आम्ही दोघांनी खांब उपटून पश्चिमेच्या कड्यावर नेऊन रोवला. गुरुजी खाली गेले. बऱ्याच वेळाने सेटवर त्यांचा आवाज आला, अगदी शेजारी उभे असल्यासारखा. पाठोपाठ त्यांच्या बायकोचाही आला, “आयकू येतंय का?” मी ‘फाइव्ह नाइन’ म्हणायच्या आत हरसूलच्या दवाखान्यातून नर्सने उत्तर दिलं, “येतंय, बोला.”

इतक्यात अध्यक्षांचा मोबाइल वाजला; माथ्यावर तेवढी रेंज येत होती. शहरातले एक ज्येष्ठ सदस्य बाल्कनीतून विचारत होते, “अहो, ग्रामीण सेवा बंद पडली का? इकडे काहीच येत नाही.”