रात्री काय पाहिलंत?

माणूस भेटला की आपण तब्येत विचारतो, मुलांचं विचारतो, निदान पाणी आलं का एवढं तरी विचारतो. सर विचारायचे, "रात्री काय पाहिलंत?" लिफ्टमध्ये, दुधाच्या रांगेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही. नव्या वॉचमनला त्यांनी पहिल्याच सकाळी हे विचारलं, तेव्हा तो ताडकन उभा राहिला. "कोणी नाही साहेब, एक कुत्रा आला होता, हाकलला." सर म्हणाले, "जागेपणी नाही रे, झोपेत." रात्रपाळीच्या वॉचमनने यावर काय बोलायचं? तेव्हापासून रोडपालीत आमच्या सेक्टरभर त्यांचं नाव 'स्वप्नवाले सर' पडलं.

सर पनवेलला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर लोक एकतर गुडघे सांभाळतात, नाहीतर नातवंडं. सरांनी दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात स्वप्नांची बैठक सुरू केली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, ज्याला वाटेल त्याने आपलं स्वप्न सांगायचं. मग सर थोडं मनाच्या तळाविषयी आणि थोडं अणूच्या पोटाविषयी बोलायचे. शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, आणि मग चहा. मी चहासाठी जायचो. डोळे मिटले की मला छान डुलकी लागायची. सर त्यावरही खूश. "पुढच्या रविवारचा माल तयार होतोय," म्हणायचे.

बैठकीला नियम एकच होता. दुसऱ्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगायचा नाही. आमच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना हा नियम फार जाचायचा, कारण साप म्हणजे धन आणि दात म्हणजे मरण हे सगळं त्यांना तोंडपाठ. खारघरहून येणारे एक बँकेतले गृहस्थ स्वप्नात नेहमी परीक्षेला बसायचे आणि त्यांना पेन सापडायचं नाही. काकू तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी हात वर केला आणि त्या गृहस्थांनाच विचारलं, "तुम्ही पेन शोधत असता तेव्हा शेजारी कोण लिहीत असतं?" "धाकटा भाऊ," एवढंच ते म्हणाले आणि चहा न घेताच गेले. पुढच्या रविवारी दोघे भाऊ एकत्र आले. सरांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. नंतर मला एवढंच म्हणाले, "आपण झोपलो तरी आत कोणीतरी जागं असतं. आणि ते आपल्यापेक्षा खरं बोलतं."

लोकांना मात्र सरांकडून वेगळंच हवं असायचं. स्वप्न, अणू आणि आत्मा हे सगळं एकच आहे असं पदार्थविज्ञानाच्या माणसाने एकदा छातीठोकपणे सांगावं, म्हणजे आपण सुटलो. सर ते सांगत नसत. "हे तिघं शेजारी आहेत," ते म्हणायचे, "भिंत एक आहे, पलीकडचे आवाज ऐकू येतात, कधीकधी तर एकच सूर ऐकू येतो. पण नातेवाईक आहेत का, ते मला माहीत नाही." 'क्वांटम ध्यान' शिबिर भरवणारा एक उत्साही इसम त्यांना वक्ता म्हणून न्यायला आला होता. सर म्हणाले, "दोन शब्दांच्या मध्ये एक 'आणि' टाका, मग येतो." तो पुन्हा फिरकला नाही. मला सरांचा हा ताठा जरा जास्तच वाटायचा. दोन गोड वाक्यं बोलली तर काय बिघडतं?

काय बिघडतं, ते कुंदाताईंमुळे कळलं. कुंदाताई मूळच्या जवळच्याच ओवे गावच्या. शेतं गेली, त्यांवर टॉवर उभे राहिले, मुलाने रोडपालीत फ्लॅट घेतला. बाईंच्या स्वप्नात मात्र अजून भातलावणी चालायची. "जमीन गेली, पन सपनातला सातबारा अजून आमच्याच नावावर हाय," त्या म्हणायच्या आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसायच्या. सर अणूविषयी बोलू लागले की जोशीकाकू घड्याळ बघायच्या, पण कुंदाताई कानात प्राण आणून ऐकायच्या. बारीक कण आपण पाहत नाही तोवर इथे की तिथे हे ठरलेलंच नसतं, पाहिलं की ठरतं, हे त्यांनी सरांकडून दोनदा समजावून घेतलं होतं.

एका रविवारी चहाच्या वेळी त्या सरांच्या शेजारी येऊन बसल्या. मी पलीकडच्या खुर्चीवर होतो.

"सर, छातीत गाठ लागते. डाक्टर बोलला सुई घालून तपासू. मी नाय गेले."

"का?"

"तुमीच सांगितलंत ना. बघत नाय तवर ठरत नाय. मंग मी बघू कशाला? न ठरलेलंच बरं हाय."

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. बाई थट्टा करत नव्हत्या. सरांचा चेहरा पार उतरला.

"कुंदाताई, माझं चुकलं," ते म्हणाले. "ते अणूहून बारीक कणाचं आहे. तुमच्या-माझ्या अंगाला ते लागू नाही. गाठ आहे तर आहे. तुम्ही पाहिलं नाही तरी ती वाढायची थांबत नाही."

"मंग तुमी सांगितलंत ते खोटं?"

"खरं आहे. पण कुठपर्यंत खरं, ते मी सांगायला हवं होतं."

कुंदाताई पदराशी चाळा करत बसल्या. "मना भ्या वाटतं," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"मलाही वाटतंय. उद्या सकाळी आपण जाऊ."

गाडी माझी, म्हणून मीही गेलो. गाठ वाईटच निघाली, पण वेळेत सापडली. ऑपरेशन झालं, मग किरणांचे उपचार सुरू झाले. सरांनी बैठक बंद केली आणि रोज कुंदाताईंबरोबर खारघरच्या हॉस्पिटलात बसू लागले. आत यंत्रात नेमकं काय होतं, किरण गाठीच्या पेशींचं काय करतात, हे ते त्यांना रोज थोडं थोडं सांगायचे, आणि कुठपर्यंत खरं तेही न विसरता सांगायचे. एकदा मीही त्यांना घेऊन गेलो होतो, नंबर यायला उशीर होता, तेव्हा कुंदाताईंनी विचारलंच, "येवढं सगलं तुमाला ठाव हाय, मंग सपान, अणू नि आत्मा तिनी एकच हाय असं सांगून टाका ना. मानसांना बरं वाटल."

सरांनी हातातली हॉस्पिटलची फाइल मिटून मांडीवर ठेवली.

"सगळ्यांत जास्त मलाच तसं हवंय, कुंदाताई. ही गेली तेव्हापासून स्वप्नात येते. काही बोलत नाही, भाजी निवडत बसते. एकदा जोडलेले दोन कण कितीही लांब गेले तरी त्यांची जोडी मोडत नाही, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. त्याच्यापुढे एकच वाक्य बोलायचं, की ही कुठेतरी आहे असं होऊन जातं. रोज रात्री ते वाक्य ओठांवर येतं. पण मला माहीत नाही, म्हणून बोलत नाही."

त्यांची बायको गेली आहे एवढंच आम्हाला माहीत होतं. अख्ख्या सेक्टरला स्वप्नं विचारणाऱ्या या माणसाला आमच्यापैकी कोणी कधी त्याचं स्वप्न विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या ताठ्याबद्दल मी मनात जे काही बोललो होतो, ते सगळं गिळून टाकलं.

कुंदाताई बऱ्या झाल्या आणि त्यांनीच हट्टाने बैठक पुन्हा सुरू करायला लावली. या हिवाळ्यात सर गेले. ताप आला, तो छातीत उतरला, आणि मुलगा परदेशातून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आजारपणात दोन्ही वेळचा डबा घेऊन कुंदाताईच जात होत्या. भेटायला आलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "सुटले, वहिनींकडे गेले." कुंदाताई नुसतं ऐकून घेत होत्या. गर्दी कमी झाल्यावर मला राहवलं नाही. त्या आतली खोली आवरत होत्या, तिथे जाऊन मी विचारलं, "कुंदाताई, भेटले असतील का हो?"

"मना ठाव नाय," त्या म्हणाल्या. "सरांनापन ठाव नवतं."

मग त्यांनी पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूची कोरी उशी उचलली.

"ते या कडेला झोपायचे. ती बाजू मोकली. अंगात येवढा ताप, तरी मना रोज सांगायचे, तिची उशी झटकून ठेवा."

आणि त्यांनी ती उशी झटकून पुन्हा जागेवर ठेवली.