नऊ नंबरचं वळण

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. बंडूच्या नखांत ग्रीस साचतं, तसे ते साचत जातात. कितीही घासा, थोडे राहतातच. आमच्या चौघांचे हे किस्से तसेच साचलेले. ऐकणारे पोट धरून हसतात. हसा बापहो! मला मात्र आताशा त्यात हसण्यासारखं फार कमी सापडतं.

वरोऱ्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मागच्या खोलीत भंगारातून आणलेली जीपची सीट, शाळेच्या जुन्या बाकाला कसून बसवलेलं सेकंडहँड स्टिअरिंग, खाली पेडल आणि समोर स्क्रीन. त्यावर आम्ही कार रेसिंगचा गेम खेळतो. खेळतो कसले, गाडी दुरुस्त करत बसतो! या गेममध्ये खऱ्या गाडीसारखं सगळं बदलता येतं. टायरची हवा, स्प्रिंग, ब्रेक, गाडीला जमिनीवर दाबून धरणारा मागचा पंख. एवढं सगळं बदलता येतं, हीच आमची बरबादी.

आमचे ड्रायव्हर म्हणजे दिलीपभाऊ. बावीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत डंपर चालवला. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात उताराच्या वळणावर डंपर मागून घसरला आणि आडवा झाला. कोणाला लागलं नाही, पण चौकशीत ‘चालकाची चूक’ असं आलं. भाऊ म्हणतात, खोट गाडीत होती. तेव्हापासून ते गेटवर बसून बॅरिअर उचलतात. ‘माझी परत टेस्ट घ्या’ असा अर्ज त्यांनी माझ्याकडे टाइप करून ठेवला आहे. सही मात्र केलेली नाही.

"इथी दहा लॅप साफ गेले का सही करतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. लॅप म्हणजे ट्रॅकची एक फेरी.

आता आमचं नशीब बघा. ट्रॅकवरचं नऊ नंबरचं वळण नेमकं उताराचं निघालं, आणि भाऊंची गाडी तिथेच मागून फिरते. दर वेळी!

*

पहिली ऑनलाइन रेस. हिरवा दिवा लागला, वीस गाड्या सुटल्या. आमच्या भाऊंनी आधी दोनदा हॉर्न दिला! खाणीतला नियमच तसा. पुढे जायचं तर दोन हॉर्न, मागे घ्यायची तर तीन. तोवर मागच्या तीन गाड्या आमच्यावर येऊन आदळल्या होत्या.

"भाऊ, हॉर्न काऊन दिला?" मी ओरडलो.

"मंग? पुढी कोणी मानूस असला तं?"

तशाच चेपलेल्या गाडीने भाऊ नऊ नंबरपर्यंत गेले, तिथे फिरले आणि कुंपणाला लागले. मग शांतपणे तीन हॉर्न देऊन गाडी मागे घेतली.

*

बंडूचं पंक्चरचं दुकान आहे. त्याने एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "मागची हवा जास्त हाये." आणि सवयीने पुढे होऊन स्क्रीनवरच्या टायरवर अंगठा दाबला!

"कडक हाये!" म्हणाला.

हवा कमी केली, गाडी फिरली. आणखी कमी केली, तरी फिरली. गेम त्याहून खाली जाऊ देईना, तेव्हा बंडू म्हणतो, "पंक्चर करून पाहू का?" त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा अजून स्क्रीनवर आहे. पुसायचं कोणाच्या मनात येत नाही.

*

मग भाऊंनी स्वतःचं डोकं चालवलं. "रिकामा डंपर मागून उडते, भरला का बसते. मागं वजन पायजे." गेममध्ये कोळसा कुठला भरणार? त्यांनी डिझेलची टाकी फुल्ल करायला सांगितली. पाच लॅपच्या रेसला शंभर लिटर! पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला ते शेवटपर्यंत डिझेलच म्हणत राहिले.

गाडी नऊ नंबरला आली. फिरली. पण सावकाश फिरली.

"पाहा," बंडू म्हणाला, "पयले रिकामी फिरे, आता लोड घेऊन फिरून राह्यली."

त्या दिवशी भाऊ हसले नाहीत. नंतर मला कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

*

मग मेश्राम मॅडम आल्या. गणिताच्या शिक्षिका. सात वर्षं धानोऱ्याकडच्या जंगलातल्या शाळेत स्कूटीने जात होत्या, त्यामुळे घसरणाऱ्या गाडीचं त्यांना भय नाही. त्यांनी वही सुरू केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच लॅप मारायचे, लिहायचं.

वही पंधरा दिवस चालली. मग कळलं, मॅडम घरी गेल्या की बंडू येऊन हवा बदलतो, आणि भाऊ हळूच टाकी भरून ठेवतात! मॅडमनी दोघांना समोर उभं केलं. "तुमी दोघं शाळेत असते तं बाकावर उभं केलं असतं."

"बाकाले स्टिअरिंग हाये, मॅडम," बंडू म्हणाला.

सगळं पहिल्यापासून केलं. मागचा पंख वाढवला, मागची स्प्रिंग मऊ केली, ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर घेतला. आणि एका संध्याकाळी भाऊंनी नऊ नंबर पार केला. एकदा, दोनदा, चारदा! पाचव्या लॅपला लाईट गेली.

भाऊ अंधारात स्टिअरिंग धरून बसून राहिले. "लाईट गेली नसती तं..." एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच सेटिंगवर पहिल्याच लॅपला गाडी फिरली, आणि मग रोज फिरत राहिली.

*

एकदा मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू स्क्रीन नको पाहू. त्यायचा पाय पाहा."

मी पाहिला. नऊ नंबरचं वळण आलं की भाऊंचा पाय एक्सलेटरवरून झटकन उचलला जायचा, चटका बसल्यासारखा. गाडीचं वजन पुढे यायचं, मागचं हलकं व्हायचं. फिरणारच!

"ते कसं बदलवाचं?" मी विचारलं.

"सेटिंगमध्ये पायाचं ऑप्शन नाई," मॅडम म्हणाल्या. आम्ही दोघांनीही हे भाऊंना सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

*

मागच्या रविवारी दुपारी भाऊ चहा आणायला गेले. मॅडमना खात्री करून घ्यायची होती. त्या सीटवर बसल्या. भाऊंचंच सेटिंग, काहीही बदललं नाही. पहिला लॅप साफ, दुसरा साफ, पाचवा, आठवा. नऊ नंबरला गाडी रुळावरून चालल्यासारखी जात होती. दहावा लॅपही साफ गेला. मॅडमच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

अकरावा लॅप चालू होता तेव्हा दारात बूट काढल्याचा आवाज आला. भाऊ चहाचे ग्लास घेऊन आत आले. समोर नऊ नंबर होता. मॅडमनी वळणात जोरात ब्रेक दाबला. गाडी गरकन फिरली आणि कुंपणाला लागली.

"पाहा भाऊ," मॅडम वळून म्हणाल्या, "माह्या हातातूनही फिरली. गाडीतच खोट हाये."

"मी पयल्या दिवसापासून तेच सांगून राह्यलो, मॅडम."

भाऊंनी आमच्या हातात ग्लास दिले. टपरी आमच्या दारासमोरच आहे, रस्ता ओलांडला की आली. चहा गार होता, वर जाड साय धरलेली.

आम्ही तो तसाच प्यायलो. भाऊ मला म्हणाले, "तो अर्ज काढून टाक. उगाच जागा अडवून राह्यला."

मग सीटवर बसले, दोनदा हॉर्न दिला आणि गाडी काढली.