वापरात नसलेली पट्टी

लॉकडाऊनमध्ये नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावात आमच्या घरामागच्या गवताच्या पट्टीवर एक डच आजोबा रोज चालायला यायचे. ती जागा रस्त्यासाठी राखलेली होती, पण रस्ता काही झालाच नाही. मी समोरून आले की ते मोजून दीड मीटर बाजूला सरकायचे आणि टोकाच्या कुंपणाला हात लावून परत फिरायचे. एक दिवस नगरपालिकेचा बोर्ड लागला: जागा वापरात नाही, घरांसाठी विकणार. आजोबांनी तो दोनदा वाचला.

"घरं हवीतच," ते मला म्हणाले. "माझी मुलगी घर मिळत नाही म्हणून अजून माझ्याकडेच राहते. पण वापरात नाही म्हणजे काय? आपण दोघं रोज इथे काय करतो?"

आता तिथे घरं झालीत. आजोबा रोज येतात, पहिल्याच घराच्या कुंपणाला हात लावतात आणि परत फिरतात.