फळ्या टाकल्यात

जनू दिवसा झोपतो आणि त्याची बायको धोंडुबाई उंबऱ्यात बसून त्याचा श्वास ऐकते. जनू डोलवीला ठेकेदाराकडे रात्रपाळीचा वॉचमन आहे. घोरता घोरता त्याचा श्वास मध्येच थांबतो आणि तो गुदमरून उठतो. त्याचा थोरला भाऊ काळुराम असाच घोरायचा. एका सकाळी तो उठलाच नाही.

म्हणून पेणच्या डॉक्टरांनी झोपेत नाकातून हवा देणारं मशीन दिलं, तेव्हा धोंडुबाईला हायसं वाटलं. पण जनू मास्क ओढून काढायचा.

“मुसकी बांधल्यागत वाटतं. मी काय बैल हाय?”

“बैल बरा. तो तरी ऐकतो.”

डॉक्टरांकडच्या बाईंनी सांगितलं, मास्क लावून डोळे मिटायचे, श्वास लांब सोडायचा, पायापासून एकेक अवयव सैल सोडायचा. यानं आजार जाणार नाही, पण मास्क सोसवेल. जनूला सैल सोडणंच जमेना. उभी हयात त्याने खाडीच्या बांधावर उघाडी राखली होती. ओहोटीला उघाडीच्या दाराच्या फळ्या काढून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरतीआधी फळ्या परत टाकायच्या. चुकलं तर खारं पाणी भातात. त्याचं अंग झोपेतही ताठच असायचं.

मग धोंडुबाईनेच युक्ती काढली. उशाशी बसून ती हळू म्हणाली, “ओहोटी लागली. पायातलं पाणी चाललं. गुडघ्यातलं चाललं. आता खांद्यातलं...”

जनूची मूठ सुटली. तो झोपला. ती चहा टाकायला उठली, तोच आतून ओरडा आला. जनू अंथरुणात उभा, मास्क खाली लोंबकळतोय, मशीन फुसफुसतंय.

“फळ्या टाकल्यास का गो? भरती येल!”

उघाडीवाल्याला दार उघडून दिलं आणि बंद करायचं ती विसरली होती. दुसऱ्या दिवसापासून ती शेवटी म्हणू लागली, “टाकल्या फळ्या. झोपा तुमी.” त्यावर तो खरंच झोपायचा. बांध केव्हाच फुटून शेतात कांदळवन माजलं होतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

“अगो, नवऱ्याला अंगाई गातेस?” शेजारची शकू हसायची. धोंडुबाईही हसायची. पण ती कुठे जाईनाशी झाली. भाच्याच्या हळदीला नाही, माहेरच्या जत्रेला नाही.

रोह्याला तिच्या लेकीला, मनालीला, कळा सुरू झाल्या तेव्हा मात्र जावंच लागलं. जाताना तिने शकूला सगळं शिकवलं. सकाळी जनूचा फोन आला.

“शकूला काय ठाव उघाडीतलं? तू सांग.”

दवाखान्याच्या बाकावर बसून, पदराआड तोंड करून धोंडुबाई सांगू लागली. समोरची माणसं बघत होती.

“फळ्या?”

“टाकल्या. झोपा.”

फोनमध्ये मशीनचा सूं सूं आवाज राहिला, त्यात जनूचा श्वास. तिने फोन बंद केला नाही. त्याने मास्क काढला तर इथे कसं कळणार?

“मनालीची आई कोण? आत या, घाबरलीये ती,” नर्स दारातून म्हणाली.

आतून मनालीची हाक आली. “आई गो!”

धोंडुबाई उठली. ‘आले’ म्हणायला तिने तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही. जनू जागा झाला असता. नर्सने दार धरून ठेवलं होतं.

“मावशी, फोन बंद करा आधी.”

मनालीने पुन्हा हाक मारली. फोन कानाला लावून धोंडुबाई दारातच उभी राहिली.